फाळणी झालेला रुपया आणि चिंतामणराव

भाईंदर/प्रतिनिधी

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेला परकीय चलन बदलून देणाऱ्या दुकानांच्या पाट्या दिसतात. दुबई-शारजाचा दिरहम, सौदीचा रियाल, कुवेतचा दिनार यांचे भाव येथील अनेक कुटुंबांना तोंडपाठ असतात, कारण घरातले कोणी ना कोणी आखातात नोकरीला असते. शेजारच्या पाकिस्तानच्या रुपयाचा भाव मात्र या पाट्यांवर सहसा आढळत नाही आणि कोणी विचारतही नाही. आज एका भारतीय रुपयाला सुमारे तीन पाकिस्तानी रुपये पडतात, एवढी माहिती फार तर वर्तमानपत्रात वाचलेली असते. परंतु एकेकाळी शंभर पाकिस्तानी रुपयांना एकशे चव्वेचाळीस भारतीय रुपये मोजावे लागत. हा भाव भारत सरकारने तब्बल सतरा महिने नाकारला आणि १९५१च्या फेब्रुवारीत मान्य केला. तो मान्य करण्याची वेळ आली, तेव्हा अर्थमंत्रिपदी एक मराठी माणूस होता. त्याच माणसाची सही फाळणीपूर्वी लाहोरपासून रामेश्वरपर्यंत चालणाऱ्या नोटांवर होती. चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे त्यांचे नाव.

संयुक्त महाराष्ट्रासाठी केंद्रीय मंत्रिपद सोडणारे नेते म्हणून मराठी माणसाला देशमुख ठाऊक आहेत. रुपयाच्या फाळणीत त्यांच्या वाट्याला काय आले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते या गावी झाला. रायगड किल्ल्याच्या वाटेवरचे हे गाव. वडील वकील होते आणि बालपण रोह्याला गेले. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र नव्हे, तर वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. १९१७ साली वनस्पतीशास्त्राचे पारितोषिक घेऊन ते उत्तीर्ण झाले. पुढच्याच वर्षी आयसीएसच्या परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला. लोकमान्य टिळक त्या सुमारास इंग्लंडात होते. सरकारी चाकरी पत्करावी की देशकार्यात पडावे, हा प्रश्न घेऊन तरुण देशमुख त्यांच्याकडे गेले. स्वराज्य आल्यावर अनुभवी प्रशासकांची गरज लागेल, असे सांगून टिळकांनी त्यांना नोकरी करण्याचाच सल्ला दिला, अशी आठवण त्यांच्या चरित्रात येते.

नोकरीची पहिली वीस वर्षे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली. जमीनमहसुलाच्या बंदोबस्तापासून प्रांताच्या अर्थखात्यापर्यंतची कामे त्यांनी केली. १९३१च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही ते होते. १९३९च्या जुलैत त्यांची रिझर्व्ह बँकेत नेमणूक झाली आणि दोन महिन्यांत महायुद्ध पेटले. १९४१च्या अखेरीस ते डेप्युटी गव्हर्नर झाले. सर जेम्स टेलर यांच्या निधनानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नरपदावर आले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. वय होते सत्तेचाळीस.

त्या काळातल्या रुपयाचा भाव हा वेगळाच विषय होता. १९२७पासून रुपया एक शिलिंग सहा पेन्सांना बांधलेला होता, म्हणजे एका पौंडाला तेरा रुपये पाच आणे आणि वर थोडे. हा भाव चढा ठेवला आहे आणि त्यामुळे हिंदी शेतकरी व गिरणीमालक नाडले जातात, असे सांगत मुंबईच्या व्यापारी वर्गाने वर्षानुवर्षे आंदोलन केले होते. चलनाचा भाव हा आकडेमोडीचा नव्हे, तर सत्तेचा प्रश्न असतो, हे त्या पिढीला शिकवावे लागत नव्हते. देशमुख मात्र स्वभावाने आकडेमोडीचे होते. १९४४च्या जुलैत अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची घडण झाली. त्या परिषदेला गेलेल्या हिंदी शिष्टमंडळात ते होते. युद्धकाळात इंग्लंडकडे साठलेल्या हिंदुस्थानच्या कोट्यवधींच्या पौंड शिलकेचा प्रश्न शिष्टमंडळाने तेथे मांडला. यश आले नाही. परंतु प्रत्येक सदस्य देशाने आपल्या चलनाचा भाव निधीकडे नोंदवावा आणि तो मनमानीने बदलू नये, हा नियम त्या परिषदेत ठरला. याच नियमाच्या आधाराने भारत पुढे पाकिस्तानशी भांडणार होता.

फाळणीचे काम करणाऱ्यांनी रेल्वेची इंजिने, कचेऱ्यांतली टेबले आणि ग्रंथालयांतली पुस्तकेदेखील वाटून घेतली. चलन मात्र एका रात्रीत वाटता येत नव्हते. पाकिस्तानकडे ना मध्यवर्ती बँक होती, ना नोटा छापण्याचा कारखाना. म्हणून पाकिस्तानच्या चलनाची जबाबदारीही १९४८च्या सप्टेंबरअखेरपर्यंत रिझर्व्ह बँकेनेच सांभाळावी, असे ठरले. जगाच्या इतिहासात असे क्वचितच घडले असेल. दोन स्वतंत्र देश काश्मीरात समोरासमोर लढत होते आणि दोघांच्या नोटा मुंबईतली एकच बँक काढत होती. त्या बँकेच्या प्रमुखपदी देशमुख होते. १ एप्रिल १९४८पासून नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेल्या, इंग्रजी आणि उर्दूत पाकिस्तान सरकारचे नाव उमटवलेल्या नोटा चलनात आल्या. त्यांतल्या काहींवर सही होती देशमुखांचीच. जुन्या नोटांच्या संग्राहकांकडे त्या आजही पाहायला मिळतात.

ही भागीदारी टिकणारी नव्हतीच. अविभक्त सरकारच्या रोख शिलकेतून पाकिस्तानला ७५ कोटी रुपये द्यायचे ठरले होते. त्यातले २० कोटी सुरुवातीला दिले गेले. उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे भारत सरकारने अडकवून ठेवले. १३ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींनी दिल्लीत उपोषण सुरू केले आणि दोन दिवसांत ही रक्कम देण्याचा निर्णय झाला. त्या प्रकरणानंतर मुंबईतल्या बँकेवर विसंबून राहण्याची कराचीची तयारी राहिली नाही. तीन महिने आधीच, म्हणजे १९४८च्या जूनअखेरीस ही व्यवस्था संपवण्यात आली. १ जुलै १९४८ रोजी कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तानचे उद्घाटन बॅरिस्टर जीना यांच्या हस्ते झाले. रुपया दोन झाले, पण भाव एकच राहिला. शंभराला शंभर.

रिझर्व्ह बँकेचे १ जानेवारी १९४९ रोजी राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, ३० जूनला देशमुख गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी रोझिना यांचे निधन झाले. सरकारने लवकरच त्यांना अमेरिका आणि युरोपसाठीचे विशेष आर्थिक प्रतिनिधी म्हणून नेमले. १८ सप्टेंबर १९४९ रोजी इंग्लंडने पौंडाचे अवमूल्यन जाहीर केले. पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आला. भारताने त्याच प्रमाणात रुपया खाली आणला आणि डॉलरचा भाव ३ रुपये ३० पैशांच्या आसपासवरून ४ रुपये ७६ पैशांवर गेला. (दशमान पैसे तेव्हा आलेले नव्हते, वाचकांच्या सोयीसाठी तसे लिहिले आहे.) पौंडाशी जोडलेल्या बहुतेक देशांनी हेच केले. पाकिस्तानने केले नाही.

या नकारामागे हिशेब होता. पाकिस्तानचा निर्यात माल म्हणजे मुख्यतः कच्चा ताग आणि कापूस. दोहोंना बाजारात मागणी होती. चलन स्वस्त केले असते, तर त्याच मालाला पौंड-डॉलर कमी मिळाले असते आणि कारखान्यांची यंत्रे महाग पडली असती. फाळणीनंतर भारताला द्यायच्या कर्जाचे ओझेही चढ्या भावाने हलके होत होते. शिवाय नव्या देशाला आपले चलन आपण ठरवतो, हे जगाला दाखवायचे होते. अशा रीतीने कोणत्याही वाटाघाटीशिवाय, केवळ एकाने भाव उतरवला आणि दुसऱ्याने नाही म्हणून, शंभर पाकिस्तानी रुपयांची किंमत एकशे चव्वेचाळीस भारतीय रुपये झाली. पौंड भारतात तेरा रुपये तेहतीस पैशांचाच राहिला, पाकिस्तानात तो सव्वानऊ रुपयांचा झाला.

भारताने हा भाव मानण्यास नकार दिला. त्याची सर्वाधिक झळ कलकत्त्याला बसली. अविभक्त हिंदुस्थानातील तागाखालच्या जमिनीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पूर्व बंगालात गेला होता आणि तागाच्या गिरण्या मात्र हुगळीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे भारतात होत्या. ताग आणि त्याची गोणपाटे हा भारताला डॉलर मिळवून देणारा प्रमुख माल. समजा, पूर्व बंगालातील व्यापारी एका मणाला पस्तीस रुपये मागत असेल, तर कालपर्यंत पस्तीसच देणाऱ्या गिरणीमालकाला आता पन्नास रुपये मोजावे लागणार होते. गिरण्यांनी खरेदी थांबवली. तिकडे शेतकऱ्याच्या घरी माल पडून राहू नये म्हणून पाकिस्तानने ताग मंडळ नेमले. ताग व्यापाराला पैसा पुरवण्यासाठी नोव्हेंबर १९४९मध्ये वटहुकूम काढून नॅशनल बँक ऑफ पाकिस्तान स्थापन केली. पाकिस्तानातील एक मोठी बँक अशा रीतीने भारताशी झालेल्या विनिमय दराच्या भांडणातून जन्माला आली. डिसेंबरात भारताने पाकिस्तानचा कोळसा बंद केला. दोन्ही देशांनी एकमेकांना धडा शिकवायचे ठरवले होते आणि धडा शिकत होते ते नारायणगंजचे शेतकरी व हुगळीकाठचे मजूर.

हा प्रश्न आपल्याकडच्यांनाही परका नव्हता. कराची १९३६पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होती आणि तेथे मराठी वस्तीही होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांच्या छावण्या ठाणे जिल्ह्यातच, कल्याणजवळ होत्या. त्यातूनच पुढे उल्हासनगर उभे राहिले. सीमेपलीकडे घरदार, येणे-देणे सोडून आलेल्यांना दोन रुपयांतला फरक समजावून सांगावा लागत नव्हता.

देशमुख १९५०च्या एप्रिलमध्ये नव्या योजना आयोगाचे सदस्य झाले. या आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद झाल्याने डॉ. जॉन मथाई यांनी अर्थमंत्रिपद सोडले. जूनमध्ये ते पद देशमुखांकडे आले. विनिमय दराची ही कोंडी त्यांना वारशात मिळाली होती, त्यांनी ती निर्माण केली नव्हती. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करारानंतर भारतीय रुपयांत हिशेब ठेवून थोडा माल घ्यायचा तात्पुरता तोडगा निघाला होता, पण मूळ प्रश्न तसाच होता. भारताची अधिकृत भूमिका अशी होती की, पाकिस्तानचा भाव वस्तुस्थितीला धरून नाही आणि नाणेनिधीने तो मान्य केलेला नाही. तत्त्वतः ती भूमिका चुकीची नव्हती. पाकिस्तान १९५०च्या जुलैत निधीचा सदस्य झाला आणि सप्टेंबरात पॅरिसमध्ये निधी व जागतिक बँक यांच्या वार्षिक सभा भरल्या. योगायोग असा की, त्या वर्षीचे अध्यक्षपद देशमुखांकडे होते. पाकिस्तानच्या भावाचा निर्णय तेथे झाला नाही, तो लांबणीवर पडला.

परंतु निर्णय पॅरिसमध्ये व्हायचाच नव्हता. जून १९५०मध्ये कोरियात युद्ध सुरू झाले आणि ताग, कापूस, कातडी यांच्या किमती जगभर कडाडल्या. गोणपाटांना अमेरिकेकडून मागणी येऊ लागली. पाकिस्तानला भारताखेरीजही गिऱ्हाइके मिळू लागली. पाकिस्तानचा रुपया लवकरच कोसळेल, ही दिल्लीतली अपेक्षा फोल ठरली. भारताने स्वतःचा ताग वाढवला होता, हेही खरे. फाळणीच्या वेळी सुमारे सतरा लाख गाठींचे असलेले उत्पादन १९५०-५१मध्ये तेहतीस लाख गाठींच्या आसपास गेले. पण गिरण्यांची भूक त्याहून मोठी होती. शिवाय देशात धान्याची टंचाई होती आणि पाकिस्तानकडे धान्य शिल्लक होते.

२५ फेब्रुवारी १९५१ रोजी कराचीत दोन्ही देशांचा व्यापार करार झाला आणि त्याबरोबर भारताने शंभरास एकशे चव्वेचाळीस हा भाव स्वीकारला. पाकिस्तानकडून ताग, कापूस, धान्य आणि भारताकडून कोळसा, पोलाद, कापड, सिमेंट अशी ती देवाणघेवाण होती. अर्थसंकल्प मांडायला तेव्हा तीन दिवस उरले होते. सरकारने माघार घेतली, अशी टीका झाली. सतरा महिने जो भाव अवास्तव म्हटला, तो एका दिवसात वास्तव कसा झाला, हा प्रश्न रास्तच होता. मार्चमध्ये नाणेनिधीनेही तो भाव मान्य केला.

ही माघारच होती, हे मान्य करायला हवे. पण प्रस्तुत प्रतिनिधीला असे वाटते की, ती आधी घेतली असती तर अधिक बरे झाले असते. सतरा महिन्यांच्या ताठरपणाने पाकिस्तानचा भाव एका आण्यानेही हलला नाही. उलट आपला ताग आपणच विणावा, या विचाराला तिकडे जोर आला. नारायणगंजची आदमजी ज्यूट मिल १९५१मध्येच सुरू झाली आणि पुढे ती जगातील मोठ्या ताग गिरण्यांत गणली गेली. देशमुखांच्या जागी दुसरा कोणी असता, तर कदाचित प्रतिष्ठेसाठी आणखी एक वर्ष ओढले असते. दुसऱ्या देशाच्या चलनाचा भाव आपण ठरवू शकत नाही, त्या भावाने माल घ्यायचा की नाही एवढेच आपल्या हाती असते, हे ब्रेटन वूड्सला बसलेल्या माणसाला कळत होते.

कोरियाच्या युद्धाची तेजी ओसरल्यावर चित्र पालटले. तागाचे भाव घसरले, पाकिस्तानची परकीय गंगाजळी आटू लागली आणि चढ्या भावामुळे सीमेवरून तागाची चोरटी वाहतूक होऊ लागली. अखेर ३१ जुलै १९५५ रोजी पाकिस्तानने आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे, म्हणजे नेमका भारताचाच भाव. शंभराला पुन्हा शंभर झाले. दिल्लीत अर्थमंत्री अजूनही देशमुखच होते.

अर्थमंत्री म्हणून त्यांच्या नावावर आणखी बरेच काही आहे. १९५२ला ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, त्याच वर्षी दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि जानेवारी १९५६मध्ये आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. १९५३मध्ये दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला. दुर्गाबाई घटना समितीच्या सदस्य होत्या आणि दोघे योजना आयोगात सहकारी होते.

आकड्यावर तडजोड करणाऱ्या या माणसाने मुंबईवर केली नाही. जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, शहरात गोळीबार होऊन माणसे मेली आणि देशमुखांनी राजीनामा देऊ केला. पंतप्रधानांच्या आग्रहाने ते थांबले. जूनमध्ये नेहरूंनी मुंबईत येऊन केंद्रशासित व्यवस्थेची घोषणा केली. गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही झाली नाही. जुलैत देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले. लोकसभेतील निवेदनात त्यांनी पंतप्रधानांवर कडक शब्दांत टीका केली. तो निर्णय टिकला असता, तर ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरची मिठागरांची गावे एका राज्यात आणि मुंबई भलत्याच प्रशासनाखाली गेली असती. भाईंदरहून सकाळची चर्चगेट लोकल पकडणारा चाकरमानी रोज राज्याबाहेर कामाला गेला असता.

पुढची पंचवीस वर्षे शिक्षणात आणि संस्कृतात गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, १९५९चा मॅगसेसे पुरस्कार, १९७५ची पद्मविभूषण. कालिदासाच्या मेघदूताचे मराठी भाषांतर त्यांनी केले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत आणली. १९६९च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्यावर ते उभे राहिले व तिसऱ्या क्रमांकावर राहिले. ठाणे महापालिकेची प्रशासकीय सेवांची प्रशिक्षण संस्था आज त्यांच्या नावाने चालते. तेथे बसणाऱ्या मुलांना आयसीएसमधला पहिला क्रमांक माहीत असतो, तागाची गोष्ट बहुधा नसते.

दोन रुपयांचा खेळ मात्र देशमुखांच्या हयातीत चालूच राहिला. ६ जून १९६६ रोजी भारताने अवमूल्यन केले, पाकिस्तानने पुन्हा केले नाही आणि शंभर पाकिस्तानी रुपयांचे साडेसत्तावन्न जास्त, म्हणजे एकशे साडेसत्तावन्न भारतीय रुपये झाले. पूर्व बंगाल तुटून बांगलादेश झाल्यावर ताग पाकिस्तानच्या हातून गेला. मे १९७२मध्ये पाकिस्तानने डॉलरचा भाव अकरा रुपयांवर नेला आणि शंभराची किंमत भारतीय चलनात सत्तरच्या आसपास उतरली. जानेवारी १९८२मध्ये पाकिस्तानने आपल्या रुपयाची डॉलरशी असलेली गाठ सोडून दिली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला हैदराबाद येथे चिंतामणराव देशमुख यांचे निधन झाले.